दुरुस्तीचा चौकोन

सोमवार, ३ मार्च

नवा चित्रपट, नवी वही. चाळीस वर्षांत एकही चित्रपट मी वहीशिवाय जोडलेला नाही. कारण साधं आहे. चित्रपट चालला की ज्याला त्याला आठवतं, ती कल्पना आपलीच होती. पडला की कोण काय बोललं होतं, ते स्टुडिओंच्या या अख्ख्या बर्बँकमध्ये एकालाही आठवत नाही. मला आठवतं, कारण मी लिहून ठेवतो. संकलकाच्या डोक्यावर खापर फोडणं सगळ्यांत सोपं. तो अंधाऱ्या खोलीत बसलेला असतो आणि त्याला रस्त्यात कोणी ओळखत नाही.

या वेळचा चित्रपट माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा आहे. नाव 'ओरम'. बर्फाखालच्या समुद्रात एक जनावर झोपलेलं आहे, ते जागं होतं. खर्च अठरा कोटी डॉलर. मी आजवर जोडलेले सगळे चित्रपट एकावर एक रचले तरी एवढे भरायचे नाहीत. माझे चित्रपट म्हणजे स्वयंपाकघरात भांडणारी माणसं. दिग्दर्शक अँसेल्म रूर्क चौतीस वर्षांचा आहे. याआधी त्याने एका बेटावर बारा माणसांत एक छोटा चित्रपट केला, तो लोकांना आवडला, म्हणून स्टुडिओने त्याच्या दारात हत्ती आणून बांधला.

प्रदर्शनाची तारीख २१ नोव्हेंबर. ती दोन वर्षांपूर्वीच ठरली, म्हणजे पटकथेचं पहिलं पान लिहायच्याही आधी. रोझलिंड टीगला विचारलं. ती स्टुडिओतली मोठी बाई, या चित्रपटाची सर्वेसर्वा. म्हणाली, "तारीख आधी धरावी लागते, लीलंड. नाहीतर त्या जागेवर दुसरा येऊन बसतो." मांडव घातला, पंगत ठरली, आता नवरी शोधा, असा प्रकार.

आनंदाची गोष्ट अशी की जनावराचं काम कोरिनला मिळालं. कोरिन माझी मुलगी. व्हॅन नाइसला तिचं दुकान आहे. या धंद्यात अशा जागेला दुकानच म्हणतात. अडतीस माणसं तिथे संगणकावर बसून जनावराला हाडं, मांस आणि कातडं चढवतात. शब्द मी टाकला होता, खोटं कशाला लिहू? स्टुडिओने आम्हा दोघांकडून लिहून घेतलं की बाप-लेकीने या कामाच्या पैशांबद्दल आपसांत बोलायचं नाही. मी आनंदाने सही केली. रविवारी ती वॉफल खायला येते तेव्हा पैशांची गोष्ट निघू नये, हे मला तसंही बरंच.

बुधवार, १९ मार्च

मोठ्या चित्रपटाची कागदपत्रंही मोठी. मी जोडणीत काही बदल केला आणि त्यामुळे जनावराचा एखादा शॉट नव्याने करावा लागला, की त्या शॉटबरोबर दुकानाला एक कागद जातो. त्याच्या तळाशी दोन चौकोन असतात: 'नवं काम' आणि 'दुरुस्ती'. संकलकाने एकात खूण करून खाली आद्याक्षरं घालायची.

पहिल्याच दिवशी मी 'नवं काम'वर खूण केली, तर कागद तीन सह्यांसाठी वर गेला आणि नऊ दिवस तिथेच मुक्कामाला राहिला. रोझलिंड हसली. "अरे, 'दुरुस्ती'वर खूण कर. तो कागद संध्याकाळच्या आत खाली जातो. पोरीला उगाच कशाला ताटकळत ठेवतोस?"

शहाणपणाची गोष्ट. आज चौदा कागद पाठवले. सगळे संध्याकाळच्या आत पोचले.

गुरुवार, १० एप्रिल

पहिला चाचणी खेळ. शर्मन ओक्सच्या मॉलमध्ये तीनशे माणसं फुकट बोलावून आणलेली. ती आम्हाला ओळखत नाहीत आणि आम्ही मागच्या रांगेत टोप्या घालून चोरासारखे बसलेलो.

मधोमध एक प्रसंग आहे. चार मिनिटांचा. दोन बहिणी बोटीवर अडकल्यात, दोघींत मिळून एकच हातमोजा उरलाय, आणि त्या आळीपाळीने तो घालतात. जनावर नाही, संगीत नाही. त्या चार मिनिटांत तीनशे माणसांत एकानेही खोकला काढला नाही. माझ्या पुढच्या बाईने शेजारच्या नवऱ्याचा हात आपल्या खिशात घातला. अँसेल्मने माझं मनगट घट्ट धरलं. त्याचा हात गार पडला होता.

मग पत्रकं भरून आली. गुण एकसष्ट. रोझलिंडला ऐंशी हवे होते. 'कुठे कंटाळा आला?' या प्रश्नाला बावीस जणांनी लिहिलं होतं: 'बोट'.

"बावीसच," अँसेल्म म्हणाला.

"बावीस जण माझ्या पैशावर जांभई देतायत," रोझलिंड म्हणाली. "ती बोट बारीक कर. आणि जनावर लवकर आण."

रविवार, १३ एप्रिल

कोरिन आली. बरोबर नेहमीसारखी चांगली वाइन. दुकानात सगळे उत्साहात आहेत, म्हणाली. जनावराच्या मानेवरचं कातडं जमायला तिच्या माणसाला सहा आठवडे लागले. आता ते श्वास घेतं तेव्हा पाणी हलतं. मी म्हटलं, ते आता विसाव्या मिनिटाला येणार, पूर्वी चाळिसाव्याला यायचं. म्हणजे तुम्हाला काम वाढलं. चैन आहे!

तिने माझ्या पेल्यात वाइन ओतली आणि हसली.

मंगळवार, २० मे

आज जे झालं ते मी तारीख घालून, नीट लिहून ठेवतो. उद्या कोणी 'माझी कल्पना' म्हणू नये.

जनावराची खेळणी तयार झाली आहेत. चाळीस लाख नग बोटीत चढले. खेळण्यातल्या जनावराच्या डोक्यावर तांबडा तुरा आहे. आमच्या जनावराच्या डोक्यावर काहीही नाही. दीड वर्षापूर्वीचं कुठलंतरी चित्र खेळणीवाल्याकडे गेलं होतं.

मला वाटलं, खेळणी बदलतील. रोझलिंड शांतपणे म्हणाली, "बर्गरवाल्यांच्या पेल्यांवरही तुरा छापून झालाय. तुरा चित्रपटात येईल."

"दोनशे सत्तर शॉटमध्ये?" अँसेल्म म्हणाला. "पाण्याखाली? तांबडा?"

"मुलांना तांबडं आवडतं."

अँसेल्म उठून बाहेर गेला. खिडकीतून पाहिलं तर वाहनतळावर गाड्यांच्या मधे एक कोयोटी, इथलं कोल्ह्यासारखं रानटी जनावर, भरदुपारी बसलं होतं आणि तो त्याच्याकडे पाहत उभा होता. दोघंही हलत नव्हते. मला ते मुळीच आवडलं नाही.

दोनशे सत्तर कागद. दुपारभर खुणा केल्या. 'दुरुस्ती', 'दुरुस्ती', 'दुरुस्ती'. अंगठा दुखायला लागला.

रविवार, २२ जून

कोरिन आज बसने आली. गाडी कुठे, तर म्हणाली, विकली, दुकानाजवळच राहते ना आता, चालणं होतं. या शहरात कोणी हौसेने बसने फिरत नाही, पण तिची तब्येत खरंच उतरल्यासारखी दिसते, तेव्हा चालण्याचा गुण असेल. वाइन आणली नव्हती. मी कपाटातली काढली.

वॉफल खाता खाता ती एकदम म्हणाली, "डॅड, त्या कागदावर खाली दोन चौकोन असतात ना—"

मी काटा खाली ठेवला. "कोरिन. नियम."

"पैशांचं नाही. म्हणजे... मी नुसतं विचारत होते, तू ते वाचतोस का?"

"सगळे मी स्वतः भरतो. एकही दुसऱ्याला देत नाही. तुझं काम अडू नये म्हणून." आणि तिला चिडवायला म्हणालो, "लेकीला फुकटचा फायदा करून दिला म्हणून म्हातारपणी मला कोर्टात उभा करायचा विचार आहे का तुझा?"

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. लहानपणी ताप आला की अशी बघायची. मग म्हणाली, "नाही. बरं. सिरप दे."

सही केली ती केली. नियम पाळला, बरं वाटलं.

मंगळवार, ८ जुलै

पुन्हा चित्रीकरण. नवा शेवट. जनावर आता मरत नाही, पुढच्या भागासाठी राखून ठेवलं. नट दुसऱ्या चित्रपटासाठी दाढी वाढवून बसला होता, ती काढता येईना, म्हणून ती संगणकावर काढणार. हेही कोरिनच्याच दुकानात. खर्च चोवीस कोटींवर गेला. हा आकडा कोणी मोठ्याने उच्चारत नाही. मलाही हिशेबनीसाच्या तोंडून निसटला म्हणून कळला.

अँसेल्मबरोबर टाको खाल्ले. गाडीच्या सावलीत उभा राहून तो हिशोब मांडत होता. "चोवीस बनवायला. तेरा जाहिरातीला. थिएटरवाला तिकिटातले निम्मे ठेवतो. म्हणजे पैसे नुसते परत यायला चौऱ्याहत्तर कोटींची तिकिटं खपली पाहिजेत. माझ्या बेटाच्या चित्रपटाला दोन लाख माणसं आली तरी आम्ही नाचलो होतो. इथे जगात एकालाही तो नावडून चालणार नाही."

"मग सगळ्यांना आवडेल असा करू."

"सगळ्यांना चालतं ते पाणी, लीलंड. तुम्ही पाण्यासाठी कधी तिकीट काढलंय?"

हुशार पोरगा आहे, पण निराशावादी. हे रोझलिंडला सांगितलं तर ती म्हणाली, "मग लिंबू पिळा."

गुरुवार, ७ ऑगस्ट

दुसरा चाचणी खेळ. गुण अडुसष्ट! शँपेन फुटली. बोट आता चाळीस सेकंदांची आहे. हातमोजा दिसतो, पण तो कशासाठी आहे ते कळायच्या आत तांबडा तुरा पाण्यातून वर येतो. कंटाळा आला असं कोणीच लिहिलं नाही. 'काय आवडलं?' हा रकानाही बऱ्याच जणांनी कोरा सोडला, पण ते घाईत असतील.

एक गोष्ट. त्या चाळीस सेकंदांत मागे कोणीतरी फोन उघडला. उजेड छतावर पडला. मग दुसरा. मग तिसरा.

अँसेल्म आला नव्हता. त्याचा फोनही लागला नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

वारा सुटलाय. वाळवंटाकडून येतोय, गरम, आणि कुठेतरी डोंगर पेटलाय. सकाळी अंगणातल्या टेबलावर राख होती. फडक्याने पुसली, तासाभराने पुन्हा तेवढीच.

कोरिन आली, केस बांधलेले, नखं खाल्लेली. दुकानात किती जण आहेत विचारलं. "सतरा," म्हणाली. सुट्ट्या चालू असतील म्हटलं. "हो, सुट्ट्याच." मी तिला सांगितलं, गेल्या आठवड्यात तू पाठवलेला एकशे चौथा शॉट काय सुंदर होता, पण त्यात जनावर डावीकडून यायला हवं, उद्या कागद पाठवतो.

"हा त्या शॉटचा नववा कागद आहे, डॅड."

"चांगलं काम नवव्या वेळीच होतं."

ती उठली आणि भांडी घासायला लागली. मी म्हटलं, राहू दे. ती घासतच राहिली. पाणी फार जोरात सोडलं होतं तिने.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज आकडे आले. तीन आठवडे आधी स्टुडिओ लोकांना फोन करून विचारतो: या चित्रपटाचं नाव ऐकलंय का, आणि बघायला जाल का? नाव ऐंशी टक्क्यांनी ऐकलंय. तेरा कोटींची जाहिरात, का नाही ऐकणार? बघायला जाऊ असं म्हणणारे नऊ.

खोलीत अकरा माणसं होती. कोणी पेनसुद्धा खाली ठेवलं नाही, आवाज होईल म्हणून.

"नावडतो असं म्हणणारे किती?" मी विचारलं.

"जवळजवळ कोणी नाही," आकडेवाल्या बाईने सांगितलं. "घरी आला की बघू, म्हणतात. चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न, गाडी लावायचे पैसे, शिवाय लहान मुलाला सांभाळायला कोणी. एका संध्याकाळचे दीडशे डॉलर. दीड महिना थांबलं की सोफ्यावर फुकट. ज्याच्यासाठी थांबवत नाही असं काहीतरी त्यांना हवं असतं. यात असं काय आहे, विचारलं तर 'जनावर' म्हणतात. गेल्या महिन्यातही एक जनावर होतं."

रोझलिंडने टेबलावरची आपली नवी व्हिजिटिंग कार्डं गोळा करून पाकिटात ठेवली. ती दुसऱ्या स्टुडिओत चालली आहे अशी कुजबुज आहे.

घरी येताना मला एकदम ती बाई आठवली, नवऱ्याचा हात खिशात घालणारी. गाडी कडेला घ्यावी लागली.

रविवार, २ नोव्हेंबर

कोरिनला विचारलं, बोटीचा प्रसंग परत पूर्ण लावता येईल का? तांबडा तुरा काढून? मला आजही तो जसाच्या तसा जोडता येईल, म्हणालो, फक्त बोटीमागच्या समुद्राचे अकरा शॉट पुन्हा करावे लागतील.

"कागद पाठव," ती म्हणाली. "ज्याने ते शॉट केले होते तो आता पोर्टलंडला असतो. भावाच्या दुकानात कॉफी बनवतो."

"का गं, एवढा चांगला माणूस?"

तिने ताटं उचलली. रोझलिंडला फोन केला, तिने नाही म्हणून सांगितलं. प्रती थिएटरांकडे निघून गेल्या आहेत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आदल्या दिवशीचा खेळ. बर्बँकचं थिएटर, चारशे दहा खुर्च्या. मी मोजली: सव्वीस माणसं. त्यातला एक मी आणि एक झोपलेला. बाहेर दालनात दहा फुटी ओरम उभा, डोक्यावर तांबडा तुरा. एक लहान मुलगी त्याच्याकडे पाहून आईला म्हणाली, "हा कोंबडा आहे का?"

आई म्हणाली, "चल लवकर." त्या दोघी दुसऱ्या चित्रपटाला आल्या होत्या.

रविवार, २३ नोव्हेंबर

तीन दिवसांचे तीन कोटी दहा लाख. नऊ कोटी धरले होते. परदेशातही तीच रड. स्टुडिओने दुपारी चार ओळींचं पत्रक काढलं, त्यात 'दिग्दर्शकाची महत्त्वाकांक्षा' असे शब्द आहेत. अँसेल्मच्या माथी मारून मोकळे झाले. मी चिडून वही काढली. माझ्याकडे सगळं आहे: तुरा कोणाचा, बोट कोणी कापली, शेवट कोणी फिरवला. वेळ आली की दाखवीन.

कोरिन आली होती. जेवली कमी. जाताना म्हणाली, सहा तारखेला दुकान रिकामं करतेय, कपाटं उचलायला येशील का?

मला वाटलं, मोठ्या जागेत चालली.

शनिवार, ६ डिसेंबर

वही बरोबर घेऊन गेलो होतो. दुकानात कोणीच नव्हतं. खुर्च्या नव्हत्या, यंत्रं नव्हती, जमिनीवर नुसत्या तारांच्या खुणा होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला म्हटलं, हे रोझलिंडचं पाप आहे, आणि वही उघडून २० मेचं पान पुढे केलं. "वाच. तुरा तिने घातला. तारखेसकट आहे."

कोरिनने पान वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, जिथे मी अंगठा दुखल्याचं लिहिलंय. मग लोखंडी कपाटातून एक गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. सगळे कागद. प्रत्येकाच्या तळाशी एकाच चौकोनात खूण, खाली माझी आद्याक्षरं.

"करार तीनशे शॉटचा होता," ती म्हणाली. "ठरलेली रक्कम. 'नवं काम' असेल तर स्टुडिओ वेगळे पैसे देतो. 'दुरुस्ती' असेल तर ती आमच्या पदरची. हे सहाशे अकरा आहेत."

मी पहिला उलटला, दुसरा उलटला. "मला सांगायचं तरी!"

"जूनमध्ये सांगायला आले होते. तू काटा खाली ठेवलास."

"कोरिन, देवाशपथ, मला माहीत नव्हतं."

तिचा चेहरा तोवर थकलेला होता, पण शांत होता. ते ऐकल्यावर तो बदलला. "माहीत नव्हतं?"

"नाही गं! मला वाटलं, तुझं काम लवकर पोचावं—"

"मला वाटत होतं तुला माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "पोरीचं दुकान की चित्रपट, यात तू चित्रपट निवडलास, असं मी धरून चालले होते. राग येत होता. पण मी म्हणायचे, माझा बाप असाच आहे, त्याला त्याच्या कामापुढे कोणी दिसत नाही. तेवढ्यावर मी दर रविवारी येत होते. एकवीस माणसांना घरी पाठवलं तेव्हासुद्धा आले." तिने गठ्ठ्यावर हात ठेवला. "आणि तू तर साधं बघतही नव्हतास. कागदाच्या मागच्या बाजूला छापलंय, डॅड. तीन ओळी आहेत."

मी कागद उलटा केला. होत्या, तीन ओळी.

कपाटं आम्ही दोघांनी मिळून उचलली. जिन्यात तिने एकदा "सांभाळून" म्हटलं, तेवढंच.

घरी येऊन मी वही पहिल्यापासून वाचली. गाडी, वाइन, सतरा माणसं, नळाचं पाणी. सगळं माझ्याच हातचं, तारखेसकट. मला माझी लाज वाटते.

रविवार, ७ डिसेंबर

पीठ भिजवलं. वॉफलचा साचा तापवला. दुपारी दोनपर्यंत तापता ठेवला.

कोरिन आली नाही.